अर्ध्या जिन्यावरची पदवी

गेल्या ज्येष्ठांत पेरणीची घाई चालू असतां, आमच्या गांवचे एक शेतकरी, ज्यांना लहानथोर सारे तात्या म्हणतात, शाळा सुटल्यावर ओट्यावर येऊन बसले. हातांत मुलीच्या निकालाचा कागद होता. मुलगी तालुक्याच्या कॉलेजांत बी. ए. च्या पहिल्या वर्षास होती आणि चांगल्या गुणांनीं पास झाली होती. आम्हांस वाटलें, पेढे घेऊन आले असतील. तात्या म्हणाले, "गुर्जी, पोरीला आता घरी ठेवावं म्हणतो. एका वर्साचा बी कागद मिळतोय म्हणं. मग आणिक दोन वर्सं कशापायी घालवायची?"

आम्ही विचारलें, "तात्या, त्या कागदावर पोरीला मिळणार काय?"

"त्येच तर इचाराय आलो."

या माणसाच्या बोलण्यांत कपट नव्हतें. पहिल्या वर्षासाठीं त्यांनीं एक म्हैस विकली होती. धाकटा मुलगा दहावींत आहे, मुलीसाठीं एक स्थळ सांगून आलेलें आहे. एका वर्षांत कागद मिळत असेल तर तीन वर्षांचा खर्च कां करावा, हा प्रश्न कोणत्याही हिशेबी कुणब्यास सुचेल असाच आहे. परंतु तो त्यांच्या डोक्यांत घातला कोणीं? याचा शोध घेतल्यावांचून आम्हांस राहवेना. आणि जें सांपडलें तें आमच्या वाचकांपुढें ठेवतों.

२०२० च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें नवें शैक्षणिक धोरण मंजूर केलें. त्यांत पदवीच्या शिक्षणास मधूनच बाहेर पडण्याचीं दारें ठेवलेलीं आहेत. एक वर्ष करून सोडलें तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं सोडलें तर पदविका, तीन वर्षांनीं पदवी, आणि चौथें वर्ष केलें तर ऑनर्सची पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें याची चौकट आखून दिली. शिक्षणाचें माप आतां श्रेयांकांनीं घेतात. यालाच कॉलेजांत क्रेडिट म्हणतात. पायलीनें धान्य मोजावें तसें हें माप आहे. आयोगाच्या चौकटींत एका वर्षाला निदान ४०, दोन वर्षांना ८०, पदवीला १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांक लागतात. आपल्या राज्यांत हें माप थोडें शिगोशीग, वर्षाला ४४ असें धरलें आहे. मधें सोडणारास सुटींत ४ श्रेयांकांचा धंदेशिक्षणाचा एक अभ्यासक्रम आणखी पुरा करावा लागतो, तेव्हां कोठें तो कागद हातीं येतो. परत यायचें झाल्यास तीन वर्षांच्या आंत यावें, आणि सगळी पदवी सात वर्षांच्या आंत पुरी करावी. मिळवलेले श्रेयांक जमा ठेवण्यासाठीं २०२१ सालीं एक पेढीही काढली आहे. तिचें नांव ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स.

यांपैकीं तात्यांना किती ठाऊक होतें? एका वर्षाचा बी कागद मिळतो, एवढेंच. सुटींतल्या अभ्यासक्रमाचें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. म्हणजे मुलगी नुसती घरीं बसती तर तो कागदसुद्धां मिळाला नसता! परत येण्याची मुदत ठाऊक नव्हती. सात वर्षांचा हिशेब ठाऊक नव्हता. पेढीचें नांव मुलीनें ऐकलें होतें, कारण खातें उघडायला लावलें होतें. परंतु त्या खात्याचें करायचें काय, हें तिलाही कोणीं समजावलें नव्हतें. बाहेरचें दार तेवढें ठळक अक्षरांत दाखवलें, आणि आंत येण्याच्या दाराचे नियम बारीक अक्षरांत छापले.

आम्ही या योजनेस मुळांतच वाईट म्हणत नाहीं. पूर्वीं जो मुलगा बापाच्या दुखण्यामुळें दुसऱ्या वर्षीं कॉलेज सोडी, त्याच्या हातीं एक गुणपत्रिका तेवढी राही, आणि पुढें कधीं परत आलाच तर कित्येकदां त्याला पहिल्या पायरीवर उभें राहावें लागे. त्याला आज दाखवायला कांहीं तरी मिळतें, आणि मुदतींत परतला तर केलेलें काम जमेस धरलें जातें. हें बरेंच झालें. माडीवरून पडणाऱ्याच्या खालीं कोणी घोंगडी धरली तर धरणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. पण घोंगडी धरली आहे तेव्हां खुशाल उडी मारा, असें जे सांगत फिरतात त्यांना दोन शब्द सुनावणें भाग आहे.

हे सांगणारे कोण? व्याख्यानांत लवचिकता, निवडीचें स्वातंत्र्य, कौशल्य असे शब्द उधळणारे. शेतकऱ्याच्या मुलाला चार वर्षें पुस्तकांत डोकें घालून काय करायचें आहे, दोन वर्षांत कौशल्य घ्यावें आणि पोटाला लागावें, असा उपदेश हे मोठ्या कळवळ्यानें करतात. आम्ही त्यांना एकच विचारतों: आपल्या घरचा मुलगा पहिल्या वर्षाचें प्रमाणपत्र घेऊन घरीं बसलेला कोणी दाखवाल काय? त्यांचा मुलगा चौथें वर्षही करील. कां कीं, चार वर्षें पुरीं केलीं म्हणजे एम. ए. एका वर्षांत उरकतें, आणि शेंकडा ७५ गुण असले तर एम. ए. वांचूनही पीएच. डी. ला बसतां येतें; हें त्याच्या बापाला ठाऊक आहे. दारें सर्वांस सारखीं उघडीं आहेत, हें खरें. पण बाहेर लोटणारा वारा सर्वांच्या पाठीला सारखा लागत नाहीं. एका सालचा पाऊस गेला, बापाचें कर्ज थकलें, ऊसतोडीच्या टोळीची उचल घेतली, कीं तो वारा आमच्याच मुलांना दाराशीं नेऊन उभा करतो. मुलींचें तर विचारूंच नका. पूर्वीं मुलीचें शिक्षण अर्ध्यांत तोडतांना बापाच्या मनाला थोडी तरी टोचणी लागे. आतां 'प्रमाणपत्र घेतलं कीं' असें म्हणायला सोय झाली.

बरें, या प्रमाणपत्राचा बाजारभाव तरी पाहूं. तलाठ्याच्या परीक्षेस बसायला पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेस पदवी लागते. बी. एड. ला पदवी, तीन वर्षांच्या वकिलीला पदवी. उलट पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी पुरते, आणि बारावी तर मुलगी कॉलेजांत जाण्याआधींच पास झालेली आहे. म्हणजे जेथें बारावी चालते तेथें या प्रमाणपत्राचें अडत नाहीं, आणि जेथें पदवी मागतात तेथें तें पुरत नाहीं. दोन्ही दारांच्या मधल्या बोळांत उभें राहण्याचा हा दाखला! खासगी दुकानदार किंवा कारखानदार त्याला मान देईल असें सांगतात. देवो बापडा, आमच्या तालुक्यांत तरी आम्हांस असा कोणी अजून भेटला नाहीं.

अशा अर्ध्या पदवीचा सर्वांत लांबचा अनुभव ज्या देशाच्या गांठीं आहे, तो देश अमेरिका. तिकडे दोन वर्षांच्या पदवीस असोसिएट डिग्री म्हणतात आणि चार वर्षांच्या पदवीस बॅचलर. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनीं कॉलेजच्या चार वर्षांचे दोन तुकडे पाडले, आणि १९०० च्या सुमारास पहिला तुकडा पुरा करणारांस असोसिएट ही पदवी देण्यास सुरुवात केली. ज्यांचें मन पुढच्या शिक्षणांत नाहीं तीं मुलें दोन वर्षांनीं मानानें बाहेर पडतील, हाही त्यांच्या मतें एक फायदा होता. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. १९०१ सालीं त्याच इलिनॉय प्रांतांत जोलिएट या गांवच्या हायस्कुलानें दोन वर्षांचें कॉलेज जोडलें, तें आजतागायत चालू आहे. पुढें अशीं कॉलेजें देशभर झालीं. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. फी कमी, घरीं राहून शिकायचें, दिवसा काम आणि संध्याकाळीं वर्ग. ६० श्रेयांक येथें मिळवा, उरलेले ६० मोठ्या विद्यापीठांत, कीं झाले १२० आणि मिळाली बॅचलरची पदवी. कागदावर ही योजना पाहिली तर ती गोरगरिबांच्या पोरांसाठींच आकाशांतून उतरली असें वाटावें.

शंभर वर्षांनीं झालें काय तें ऐका. ज्या कोलंबिया विद्यापीठांत १९१३ सालीं डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकायला गेले, त्याच विद्यापीठाच्या शिक्षक-कॉलेजांत या दोन वर्षांच्या कॉलेजांचा अभ्यास करणारें एक केंद्र आहे. त्यानें इतरांसह २०२४ सालीं हिशेब मांडला. कम्युनिटी कॉलेजांत येणाऱ्या शंभरांतल्या सुमारें ८० जणांना चार वर्षांची पदवी हवी असते. मोठ्या कॉलेजांत प्रत्यक्ष जातात त्या शंभरांतले तिसरा हिस्सा. आणि सहा वर्षांच्या आंत ती पदवी हातीं पडते अवघ्या १६ जणांच्या. गरीब घरचे घेतले तर ११. ऐंशी जण जिना चढायला आले आणि सोळा माडीवर पोंचले! हे बाकीचे सारे आळशी होते काय?

नव्हते. त्यांचें गणित वाटेंत कापलें गेलें. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कचेरीनें २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, एका कॉलेजांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरीनें शंभरांतले ४३ श्रेयांक नव्या जागीं धरलेच जात नाहींत. सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांतून सरकारी मोठ्या कॉलेजांत जाणाऱ्यांचे २२ बुडतात. आणि नफ्यासाठीं चालवलेल्या खासगी कॉलेजांतून सरकारी कॉलेजांत जाणाऱ्यांचे? ९४! शंभर पायल्या जोंधळा बाजारांत न्यावा आणि अडत्यानें सहा मोजून घेऊन बाकीचा रस्त्यांत ओतून द्यावा, तसा हा व्यवहार झाला. पैसा गेलाच; पण पैशापेक्षां वाईट म्हणजे वय गेलें.

त्यांत आणखी एक मेख आहे, ती आमच्या कारागीर वाचकांनीं नीट पाहावी. असोसिएट पदवी एकच नाहीं. एक साहित्य-विज्ञानाची, ती पुढें बॅचलरच्या हिशेबांत जावी म्हणून आखलेली. दुसरी धंदेशिक्षणाची, तिला 'अप्लाइड सायन्स'ची असोसिएट म्हणतात. ती घेतली कीं कामावर लागावें अशी तिची घडण, आणि तिचे पुष्कळसे विषय वरच्या पदवींत जमा होत नाहींत. दोन्हीला दोन वर्षें लागतात, दोन्हीच्या नांवांत असोसिएट आहे, आणि अठरा वर्षांच्या पोराला नांवापलीकडचा फरक कळेपर्यंत दोन वर्षें होऊन जातात. सुताराला साग आणि जांभूळ एका नांवानें विकलें तर तो विकणाऱ्याचा कान धरील. पण शिक्षणाच्या बाजारांत कान कोणाचा धरायचा?

१९६० सालीं बर्टन क्लार्क नांवाच्या एका समाजशास्त्रज्ञानें कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील अशा एका कॉलेजचा अभ्यास करून सांगितलें कीं, येथें मुलाला हाकलून देत नाहींत. त्याची उमेद हळूहळू निववतात. आधीं एक परीक्षा, मग सल्लागाराची भेट, मग 'आपली कुवत ओळखा' अशा धर्तीचा एक वर्ग, मग कमी गुणांची ताकीद, आणि शेवटीं तोच मुलगा आपल्या तोंडानें म्हणतो कीं, मला दोन वर्षांचाच धंदा पुरे. लोहाराला हें कळेल. तापलेलें लोखंड घणाखालीं घेतलें नाहीं आणि भट्टीबाहेर नुसतें ठेवून दिलें, तर त्याला कोणी मोडावें लागत नाहीं. तें आपोआप थंड होतें आणि मग त्याचा फाळ होत नाहीं. योगायोग असा कीं, त्याच १९६० सालीं कॅलिफोर्निया प्रांतानें सारी मुलें तीन खणांत वांटण्याची योजना पक्की केली: वरच्या आठव्या हिश्श्याला मोठें विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला राज्य-कॉलेज, आणि बाकी सर्वांना दोन वर्षांचें कॉलेज.

पण याच देशांत दुसरीही गोष्ट घडलेली आहे, आणि आमचा सारा भर तिच्यावर आहे. फ्लोरिडा प्रांतानें १९७१ सालापासून सरकारी कॉलेजांना करारानें बांधून टाकलें, आणि पुढें विषयांना साऱ्या प्रांतांत सारखे क्रमांक दिले. दोन वर्षें येथें पुरीं केलीं तर तीं तेथें धरलीं जातात. कॅलिफोर्नियानें २०१० सालीं कायदा केला कीं, वरच्या शिक्षणासाठीं नेमून दिलेली असोसिएट पदवी जो पुरी करील, त्याला राज्य-विद्यापीठाच्या कोठल्या तरी कॉलेजांत जागा मिळेल आणि तेथें त्याच्याकडून आणखी ६० हून अधिक श्रेयांक मागतां येणार नाहींत. अर्धा जिना हा दोष नव्हे, हें यावरून दिसतें. अर्ध्या जिन्यावर सपाटी असावी, दम घ्यायला ती बरीच असते. पण त्या सपाटीवरून वर जाणारी पायरी आहे कीं भिंत आहे, हें चढण्यापूर्वीं लिहून मिळालें पाहिजे.

दूर कशाला जावें? आपल्या राज्यांतलेंच उदाहरण घ्या. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका केली तर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळतो. त्यासाठीं ठराविक जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा असतात, आणि गुणानुक्रमानें यादी लागते. हिशेब करा: बारावीवाल्याला दोन आणि चार मिळून सहा वर्षें, पदविकावाल्याला तीन आणि तीन मिळून सहा वर्षें. एक दिवस वायां गेला नाहीं, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटीं घरीं अडचण आली तर हातांत असा कागद आहे कीं ज्याला कारखान्यांत मोल आहे. दोन वर्षांचें आय. टी. आय. केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत शिरतां येतें. म्हणजे लोहाराचा मुलगा फिटरच्या वर्गांतून निघून इंजिनियर होऊं शकतो, अशी वाट आज कायद्यानें उघडी आहे. किती लोहारांच्या घरीं हें ठाऊक आहे? यंत्राच्या विद्येला जें साधलें तें बी. ए., बी. कॉम. ला कां साधूं नये, हा आमचा सरकारला सवाल आहे.

येथें आमची स्वतःची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आम्ही बारावीनंतर दोन वर्षें अध्यापक विद्यालयांत काढलीं आणि मास्तरकीची पदविका घेतली. बालमानसशास्त्र, शिक्षणाचा इतिहास, मराठी, गणित, फळ्यावरचें अक्षर, सराव-पाठ, सारें शिकलों. नोकरी लागली, आणि मग बी. ए. करण्याची इच्छा झाली. एका विद्यापीठाच्या खिडकीशीं अर्ज घेऊन उभे राहिलों. आंतल्या कारकुनानें पदविका उलटून पाहिली आणि म्हणाला, "हें इथं चालत नाहीं. पहिल्या वर्षापासून बसा." दोन वर्षांच्या शिक्षणाचा एक श्रेयांकही धरला गेला नाहीं. पगारांतून फी भरली, रात्रीं कंदील नव्हे तरी चाळीसचा दिवा लावून अभ्यास केला, तेव्हां पदवी मिळाली. आम्हांस नोकरी तरी होती. आमच्या मागून राज्यांत अध्यापक विद्यालयें भराभर निघालीं, शेतकऱ्यांनीं जमिनी गहाण टाकून मुलांना मास्तरकीच्या वर्गांत घातलें, आणि २०१२ सालीं शिक्षकभरती थांबली ती कित्येक वर्षें थांबली. तीं मुलें पदविका घेऊन अर्ध्या जिन्यावर उभीं राहिलीं. पुढें पायरी नव्हती, कारण पदविकेचीं वर्षें पदवींत जमा होत नव्हतीं. खालीं येण्याची लाज वाटत होती. आमच्याच वर्गांतले एक हुशार गृहस्थ आज तालुक्याच्या पेट्रोलपंपावर हिशेब लिहितात. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्राथमिक शाळेसाठीं बी. एड. नव्हे तर हीच पदविका लागेल असें ठरवलें, त्यामुळें या कागदाला पुन्हां थोडा भाव आला. पण २०२० च्या धोरणांत तर २०३० पर्यंत शिक्षकाला चार वर्षांची पदवी लागेल असें लिहून ठेवलें आहे. आज मास्तरकीच्या वर्गांत जाणाऱ्या मुलानें कोणत्या पायरीवर पाय ठेवावा, तें कोणी तरी सांगा!

हें दुखणें नवें नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढींत व्हर्नाक्युलर फायनल नांवाची परीक्षा होती. मराठी शाळेंतून ती द्यावी, ट्रेनिंग कॉलेजांत जावें आणि खेड्यांत मास्तर व्हावें; तेथें ती वाट संपे. मॅट्रिक, कॉलेज आणि वकिली-डाक्तरीकडे जाणारी वाट इंग्रजी शाळेंतून जाई, आणि फायनल झालेल्या मिशा फुटलेल्या मुलाला त्या वाटेवर यायचें तर लहान पोरांबरोबर इंग्रजीच्या खालच्या इयत्तेंत बसावें लागे. वाटा दोन, आणि कोणत्या घरचीं मुलें कोणत्या वाटेनें जात, हें सांगायला नको. वरच्या वर्गाला शिकवलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल या कल्पनेला जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें विरोध केला आणि खेड्यांतल्या मुलांसाठीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें. भाऊराव पाटलांनीं मागण्यावर न थांबता पायऱ्याच बांधायला घेतल्या. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग, १९३५ सालीं शिक्षकांचें ट्रेनिंग कॉलेज, १९४० सालीं हायस्कूल, १९४७ सालीं छत्रपती शिवाजी कॉलेज. बोर्डिंगांतल्या पोराला पुढें जायला पायरी नाहीं असें दिसलें कीं पुढची पायरी. तो पोरगा कोठें अडेल, हें पाहून गवंडी पुढें चालत होता.

आमच्या वाचकांनीं आपल्या मुलांसाठीं तसेंच पाहावें. आपण नांगरटीपासून विचार करतों तो पेरणीचा नव्हे, सुगीचा. मग शिक्षणाचा विचार पहिल्या वर्षाच्या फीपासून कां करतों? शेवट आधीं ठरवा. मुलीला तलाठी व्हायचें कीं परिचारिका, मुलाला इंजिनियर कीं शेतकी पदवीधर, हें बोलून घ्या. मुलांना विचारून, हें सांगायला नको. त्या जागेला काय लागतें तें जाहिरातींतून वाचून घ्या. मग मागें मागें या: पदवी कोठून, त्याआधींचीं वर्षें कोठें, तीं वर्षें तेथें धरतील काय. आणि कॉलेजच्या कचेरींत जाऊन विचारा: आमच्या मुलीला एक वर्ष खंड पडला तर तिची जागा राहील काय? तिचे श्रेयांक याच विषयांत धराल कीं विषय बदलावे लागतील? दुसऱ्या विद्यापीठांत गेली तर किती कापले जातील? तोंडीं उत्तर घेऊन परत येऊं नका. गाय घेतांना आपण दूध काढून पाहतों, दांत मोजतों. येथें तर मुलाचें वय विकत चाललें आहे.

पेढींत जमा आहेत म्हणून स्वस्थही बसूं नका. ही पेढी श्रेयांक सांभाळते, पण सात वर्षांपलीकडे नाहीं. पेवांतलें धान्य जसें कायम टिकत नाहीं तसें. आणि पेढींतलें नाणें कोणत्या दुकानांत किती भावानें चालेल, हें पेढी ठरवीत नाहीं, दुकानदार ठरवतो.

सरकारकडे आमचें मागणें थोडें आहे. मधें बाहेर पडणाऱ्याच्या प्रत्येक कागदावर, तो कागद देतेवेळींच, मुलाच्या मातृभाषेंत लिहून द्या कीं, हा विद्यार्थी अमुक तारखेपर्यंत परत येऊं शकतो, त्याचे इतके श्रेयांक धरले जातील आणि त्याची जागा अमुक ठिकाणीं आहे. हें लिहितां येत नसेल तर 'लवचिक' हा शब्द मागें घ्या. आणि जें कॉलेज मुलांना बाहेर पडायला सांगतें, त्यानें दर वर्षीं नोटिसाच्या फळ्यावर लावावें कीं, गेल्या सालीं इतके बाहेर पडले आणि त्यांतले इतके परत आले. दुसरा आंकडा वाचण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे.

आमच्या निवडून दिलेल्या मंडळींनाही विचारायचें आहे. जिल्हा परिषदेंत, विधानसभेंत आमच्या मतांवर बसलेल्यांपैकीं किती जणांच्या स्वतःच्या संस्था आहेत, आणि त्या संस्थांत मुलें मधेंच सुटलीं तर त्यांचें काय होतें, याचा हिशेब त्यांनीं कधीं सभेंत मांडला आहे काय? शेटजीला शिव्या देऊन टाळ्या घेणें सोपें. आपल्याच माणसाच्या कॉलेजचा फळा वाचणें कठीण.

तात्यांबरोबर आम्ही त्या आठवड्यांतच तालुक्याला गेलों. मुलगीही होती. कचेरींत पाऊण तास बांकावर बसल्यावर वरच्या साहेबांची भेट झाली. तात्यांनीं टोपी सारखी करून विचारलें, "साहेब, पोरगी एक वर्स घरी बसली, तर माघारी आल्यावर जागा देताल का?"

साहेब हंसून म्हणाले, "अहो, कां नाहीं? धोरणच तसं आहे."

"मग तेवढं लिहून द्या."

साहेबांनीं चष्मा काढून आमच्याकडे पाहिलें. असें लिहून देण्याचा नमुना नाहीं, वर विचारावें लागेल, येत्या सोमवारीं या, असें म्हणाले. मुलगी तोंवर कांहीं बोलली नव्हती; बाहेर आल्यावर ती बापाला म्हणाली, "नमुना नाही तर मी घरी बसायची नाही, आण्णा."

आम्ही दोन सोमवार जाऊन आलों. तो कागद अजून आलेला नाहीं. दुसऱ्या वर्षाची फी तात्यांनीं परवां भरली, आणि स्थळवाल्यांना दोन वर्षें थांबा म्हणून निरोप धाडला आहे.